सुईआधीचं बोलणं

गर्भनिरोधनाच्या साधनांमध्ये इंजेक्शनाइतकं सुटसुटीत साधन शोधून सापडायचं नाही. दंडावर नाहीतर कमरेवर एक सुई घेतली की तीन महिने निर्धास्त. रोज आठवणीने गोळी घ्यायला नको, निरोधसाठी नवऱ्याची मनधरणी नको, तांबी बसवून घेतानाचा संकोच नको आणि ऑपरेशनसारखा कायमचा निर्णयही नको. घरात कोणाच्या हाती लागेल असं पाकीटही नाही. जिला आणखी दोन-तीन वर्षं मूल नको आहे, पण त्याबद्दल सासरी तोंड उघडायची सोय नाही, अशा बाईला या सुईचा केवढा आधार वाटतो हे मी ग्रामीण भागात डॉक्टरकी करताना पाहत आले आहे.

पण याच साधनाची एक अडचण आहे आणि ती त्याच्या सोयीतूनच येते. गोळीने मळमळलं तर बाई उद्यापासून गोळी बंद करते. तांबीचा त्रास झाला तर ती काढून घेता येते. इंजेक्शन मात्र एकदा टोचलं की टोचलं. त्रास होवो, मन बदलो, औषध तीन महिने अंगात राहणारच. बाकीच्या साधनांबाबत ‘वापरून तर बघ, नाही जमलं तर सोडून दे’ असं म्हणून निभावतं. इथे निभावत नाही. जे सांगायचं, विचारायचं, समजून घ्यायचं ते सगळं सुई टोचण्याआधी व्हायला हवं. आरोग्यसेविका, आशा आणि स्त्री-आरोग्याचं काम करणाऱ्या मैत्रिणींनी मिळून तयार केलेल्या या पुस्तिकेचा सारा भर त्यावर आहे. म्हणूनच तिला प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन ‘अंतरा’ या नावाने मोफत मिळतं. २०१७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते कार्यक्रमात आणलं, तेव्हा सुरुवातीच्या दहा राज्यांमध्ये महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी इंजेक्शन वापरणाऱ्या देशभरात अवघ्या ०.६ टक्के निघाल्या. ज्यांचं नसबंदीचं ऑपरेशन झालं होतं अशा स्त्रिया ३७.९ टक्के होत्या. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी होती ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आहे. लग्न, पाठोपाठ दोन मुलं आणि पंचविशीच्या आसपास ऑपरेशन, हा आपल्याकडे पडलेला पायंडा. पहिलं मूल उशिरा होऊ द्यावं, दोन मुलांमध्ये पुरेसं अंतर ठेवावं, त्यासाठी आपल्याला मानवेल ते साधन निवडावं, ही मधली वाट बहुतेक बायकांना कोणी दाखवलीच नाही. इंजेक्शन त्या वाटेवरचं साधन आहे. म्हणून त्याची माहिती पोहोचणं महत्त्वाचं आहे, आणि ती पूर्ण पोहोचणं त्याहून महत्त्वाचं.

औषधाचं नाव मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. स्त्रीच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनच्या जातकुळीतलं, पण प्रयोगशाळेत घडवलेलं. छोट्या कुपीत एक मिलिलिटर औषध, त्यात १५० मिलिग्रॅम मात्रा. द्रव पांढुरका, गढूळ दिसतो, कारण औषधाचे बारीक कण पाण्यात विरघळत नाहीत, ते नुसते तरंगत असतात. म्हणून सिरिंजमध्ये भरण्याआधी कुपी नीट हलवायची. नाहीतर तळाशी बसलेलं औषध तिथेच राहतं आणि बाईला मात्रा अपुरी पडते.

टोचून झाल्यावर ती जागा चोळायची नाही, हे सर्वांत जास्त विसरलं जाणारं पथ्य. इंजेक्शन दिलं की कापसाने खसाखसा चोळायचं, ही आपल्या हाताला लागलेली सवय. सोबत आलेली जाऊ किंवा मावशी मायेने दंड चोळायला पुढे होते आणि जाणती सिस्टर तिचा हात हलकेच बाजूला करते, असं दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. त्याचं कारण औषधाच्या स्वभावात आहे. स्नायूत साठलेलं हे औषध माठातून पाणी पाझरावं तसं थोडं थोडं रक्तात उतरतं. जागा चोळली किंवा घरी जाऊन शेकली की ते भराभर सुटतं आणि तीन महिने पुरत नाही. चोळायचं का नाही, हे बाईला आणि तिच्यासोबत आलेल्या बाईलाही सांगायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं ज्या ओपीडीत मिळत नाहीत, तिथे बाकीचं समुपदेशन कसं होत असेल याचा अंदाज करता येतो.

रक्तात उतरलेलं औषध मुख्यतः एक काम करतं. मेंदूकडून बीजांडकोशाला जाणारा निरोप ते थोपवतं, त्यामुळे दर महिन्याला पक्व होऊन बाहेर पडणारं स्त्रीबीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो आणि पुरुषबीजाला आत शिरणं अवघड जातं. गर्भाशयाचं आतलं अस्तरही पातळ राहतं. प्रत्येक इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलं तर वर्षभरात हजारातल्या दोघींना दिवस जातात. प्रत्यक्षात तारखा चुकतात, म्हणून हा आकडा शंभरात चारपर्यंत जातो. तरीही रोजच्या गोळीपेक्षा आणि निरोधपेक्षा तो सरस आहे. याच कुळातलं नेट-एन नावाचं दुसरं इंजेक्शन दोन महिन्यांनी घ्यावं लागतं. त्याचा विषय पुढे येणार आहे.

आता रक्तस्रावाविषयी. या इंजेक्शनाबद्दल बाईशी एकाच गोष्टीवर बोलायला वेळ असेल तर तो इथे खर्च करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या काही महिन्यांत पाळीचं तंत्र बिघडतं. कधी पंधरा-वीस दिवस नुसते डाग पडत राहतात, कधी मध्येच अंगावरून जातं, कधी दोन महिने काहीच नाही. इंजेक्शन चालू ठेवलं तर वर्षाच्या अखेरीस निम्म्याच्या आसपास स्त्रियांची पाळी पूर्ण थांबते. वैद्यकाच्या दृष्टीने यात धोका नाही. अस्तर वाढलंच नाही तर पडणार काय? उलट रक्त कमी गेल्याने पंडुरोगाला थोडा आळा बसतो. पण बाई वैद्यकाच्या पुस्तकात राहत नाही, ती घरात राहते.

‘मॅडम, इंजेक्शन घेतल्यापासून पाळीच आली नाही. दिवस तर नाही ना गेले?’ हा पहिला प्रश्न. लघवीची तपासणी करून ‘नाही’ म्हटलं की दुसरा, आवाज आणखी खाली आणून: ‘मग ते सगळं रक्त जातं कुठं? पोटात साठत असेल. वरून पोटही फुगल्यासारखं वाटतंय.’ पाळीचं रक्त म्हणजे शरीरातली घाण, ती दर महिन्याला बाहेर पडलीच पाहिजे, असं जिला लहानपणापासून आई-आजीने सांगितलं, तिची ही भीती अगदी सरळ आहे. तिला हसणं किंवा ‘काही होत नाही, जा’ म्हणून वाटेला लावणं हा आपला दोष. गर्भाशयाचं चित्र काढून, अस्तर कसं वाढतं आणि का पडतं हे दाखवलं की चौथी शिकलेली बाईसुद्धा नीट समजून घेते. पाळी थांबलेल्या बाईला ‘साठत काही नाही, कारण तयारच होत नाही’ हे वाक्य पुरतं. पण ते आधी सांगितलेलं हवं. नंतर सांगितलं तर ती समजूत ठरते, आणि समजुतीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

सतत डाग पडणाऱ्या बाईची अडचण आणखी निराळी. ज्या घरात पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, देवघराला शिवायचं नाही, तिथे वीस-वीस दिवस डाग पडले तर तिने जायचं कुठे? सण, लग्नकार्य, पूजा सगळं अडतं. लपवलं तर मनाला टोचणी, सांगितलं तर ‘हिला काय झालंय?’ अशी विचारपूस, आणि त्यातून इंजेक्शनाचं गुपित फुटण्याची भीती. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला कपडा बदलायला आडोसा मिळत नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या सुईनंतर बऱ्याच जणी परत येत नाहीत, आणि त्याचं मोठं कारण हेच आहे. हा त्रास सहसा पुढच्या डोसांनंतर कमी होतो, आणि तोवर गोळ्या देऊन आटोक्यात ठेवता येतो, हे तिला कोणीतरी सांगायला हवं. आणि सांगूनही तिने नको म्हटलं, तर ते ‘नको’ लगेच ऐकून दुसरं साधन पुढे करायला हवं.

पुस्तिकेत बाकीचे परिणामही सविस्तर दिले आहेत. वजन वर्षाला किलो-दोन किलो वाढू शकतं. डोकेदुखी होते, काही जणींचं मन उदास राहतं. इंजेक्शन थांबवल्यावर मूल राहायला वेळ लागतो. शेवटच्या सुईपासून सरासरी दहा महिने, काहींना त्याहून जास्त. नवीन लग्न झालेल्या आणि अजून मूल नसलेल्या मुलीला हे सांगितलं नाही, तर त्या दहा महिन्यांत तिच्यावर ‘वांझ’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. हे औषध वंध्यत्व आणत नाही. पण उशीर होतो, हे तिला आणि तिला हवं असेल तर तिच्या नवऱ्यालाही आधीच माहीत असावं.

हाडांचा प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखा आहे. इंजेक्शन चालू असताना हाडांची घनता काही प्रमाणात कमी होते. बंद केल्यावर ती बऱ्याच अंशी भरून निघते. २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल कडक इशारा वेष्टनावर छापायला लावला आणि दुसरा पर्याय असेल तर दोन वर्षांपुढे घेऊ नये असं सुचवलं. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र १८ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी अशी मर्यादा घातली नाही. ज्यांच्या आहारात दूध-नाचणी कमी आणि अंगमेहनत फार, अशा आपल्या बायकांसाठी हा मुद्दा कार्यकर्तीच्या लक्षात राहायलाच हवा. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात, एक वर्षाहून जास्त काळ हे इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, होण्याचं प्रमाण पाच पटीहून अधिक आढळलं. आजार मुळात दुर्मीळ असल्याने एकेका बाईच्या वाट्याला येणारा धोका लहानच राहतो. पण तो सांगायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो सांगायचाच. स्तनाचा कर्करोग झालेल्या, कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्या, रक्तदाब फार वाढलेल्या, हृदयविकार, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या स्त्रियांना हे इंजेक्शन द्यायचं नसतं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला ते बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी घेता येतं. आणि लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांपासून ते संरक्षण देत नाही. तिथे निरोधला पर्याय नाही. आफ्रिकेतल्या चार देशांत ७,८२९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तांबी किंवा दंडात बसवायची कांडी वापरणाऱ्यांच्या तुलनेत इंजेक्शन घेणाऱ्यांना एचआयव्हीचा धोका फारसा जास्त दिसला नाही. पण तिन्ही गटांत लागण मात्र बरीच झाली.

फायद्याची बाजूही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी. नंदुरबार, गडचिरोली किंवा विदर्भाच्या इतर भागांत सिकलसेलचा आजार असलेल्या स्त्रियांना गर्भारपण जिवावर बेतू शकतं. त्यांना हे इंजेक्शन चालतं, इतकंच काय, असह्य वेदनांचे झटकेही त्याने कमी होत असावेत असे पुरावे आहेत. क्षयाच्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर घटतो, या इंजेक्शनाचा घटत नाही. ज्या जिल्ह्यात सिकलसेल आणि क्षय दोन्ही घराघरात आहेत, तिथे काम करणाऱ्या सिस्टरला ही माहिती म्हणजे फार मोठं बळ आहे.

एवढं सगळं चांगलं-वाईट समोर असताना या इंजेक्शनाला आपल्या देशात इतका तीव्र विरोध का झाला, हे तरुण कार्यकर्त्यांना अनेकदा उमगत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं. अमेरिकेतल्या अपजॉन कंपनीने १९६७ साली हे औषध गर्भनिरोधक म्हणून मान्यतेसाठी दिलं. त्याच वर्षापासून अटलांटा शहरातल्या ग्रेडी रुग्णालयाच्या केंद्रात हजारो स्त्रियांवर त्याचा वापर सुरू झाला. त्यात गरीब आणि कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, आणि पुढे तपासणीत संमतीच्या आणि नोंदींच्या गंभीर त्रुटी उघड झाल्या. बीगल जातीच्या कुत्र्यांमध्ये स्तनाच्या गाठी आढळल्या. १९७८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी नाकारली. ती मिळाली १९९२ च्या ऑक्टोबरात. मधल्या काळात तेच औषध जगभरच्या गरीब देशांत सर्रास वापरलं जात होतं. वर्णद्वेषी राजवटीतल्या ऱ्होडेशियात ते काळ्या स्त्रियांना ज्या पद्धतीने दिलं गेलं, त्याचा राग इतका खोल होता की स्वतंत्र झिम्बाब्वेने १९८१ साली त्यावर बंदीच घातली.

आपल्याकडची कथा नेट-एन या इंजेक्शनापासून सुरू होते. १९८५ साली हैदराबादजवळच्या पतनचेरू इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच्या चाचणीसाठी बायकांना जमवलं गेलं. हा प्रयोग आहे, त्याचे अमुक परिणाम होऊ शकतात, हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोहोचल्या, त्यांनी बायकांशी बोलायला सुरुवात केली, आणि माहिती कळल्यावर बहुतेक जणी इंजेक्शन न घेता निघून गेल्या. १९८६ साली स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची ‘सहेली’ आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मुंबईतल्या स्त्री-संघटनाही या लढ्यात होत्या. २००० साली सरकारने नेट-एन सरसकट कार्यक्रमात आणणार नाही अशी भूमिका घेतल्यावर तो खटला निकाली निघाला. दरम्यान १९९३ मध्ये मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनाला, म्हणजे डेपो-प्रोव्हेराला, खासगी विक्रीची परवानगी मिळाली होती, आणि १९९५ मध्ये औषध तांत्रिक सल्लागार मंडळाने ते सरकारी कार्यक्रमात नसावं असं म्हटलं होतं. त्याच मंडळाने २०१५ साली त्याला वाट मोकळी करून दिली.

या चळवळीला ‘विज्ञानविरोधी’ म्हणणारे डॉक्टर मला भेटतात. मला ते मान्य नाही. त्या कार्यकर्त्यांनी मांडलेला प्रश्न साधा होता: ज्या आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजायचं यंत्र चालू नाही, जिथे बाईला बसायला बाक नाही, तिथे तीन महिने परत न काढता येणारं औषध देताना तिची तपासणी, तिचा पाठपुरावा आणि तिचा होकार कोण सांभाळणार? आणीबाणीतली सक्तीची नसबंदी त्यांनी पाहिली होती. पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एकाच शिबिरात, एकाच सर्जनच्या हातून ८३ स्त्रियांची ऑपरेशनं उरकली गेली आणि त्यातल्या तेरा-चौदा जणींना प्राण गमवावे लागले. २०१६ साली देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीची शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ही सगळी मालिका पाहिली की त्यांची शंका वाजवी होती हे पटतं. आज ‘अंतरा’च्या कार्यक्रमात पहिल्या सुईआधी डॉक्टरांची तपासणी, समुपदेशन, कार्ड आणि पाठपुरावा यांना जी जागा मिळाली आहे, तिचं श्रेय मी त्या विरोधालाही देते. आणि त्याच वेळी हेही म्हणते, की धोक्याच्या भीतीने हे साधन गरीब बाईच्या आवाक्याबाहेर ठेवून पैसेवाल्या बाईला खासगी दवाखान्यात ते मिळत राहणं, हाही न्याय नव्हता.

महाराष्ट्राला या विषयाची पूर्वपीठिका आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्यासाठी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. मूल केव्हा व्हावं हे बाईने ठरवावं, आणि त्यासाठी तिला संपूर्ण माहिती असावी, या दोन्ही गोष्टी त्यांच्या विचारात एकत्र होत्या. १९५२ पासून सरकारने कुटुंब नियोजन हाती घेतलं आणि हळूहळू लोकसंख्येचे आकडे पुढे आले, बाईची माहिती मागे पडली. उद्दिष्टं ठरली, ती पूर्ण करायला माणसं धावू लागली. इंजेक्शनाच्या बाबतीत हे पुन्हा होऊ नये, याची काळजी आपल्यालाच घ्यायची आहे.

पुस्तिकेतलं मला सर्वांत आवडलेलं प्रकरण तारखा पाळण्याबद्दल आहे. पुढची सुई तेरा आठवड्यांनी. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत घेतली तरी चालते. पण आपल्या बायकांची वर्षं अशा आठवड्यांनी मोजली जात नाहीत. बीडची ऊसतोड कामगार बाई दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघते आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत येते. तिने गावच्या उपकेंद्रात भाद्रपदात सुई घेतली, तर पुढची तारीख मार्गशीर्षात, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या फडावर येणार. तिथला दवाखाना किती लांब, मुकादम सुट्टी देणार का, एका दिवसाची मजुरी बुडणार ती कोण भरणार, आणि तिच्या जवळचं कार्ड पाहून अनोळखी सिस्टर तिला सुई देणार का? याच बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचं प्रमाण इतकं वाढलं की २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. पाळीचा त्रास आणि बुडणारी मजुरी यांच्या कात्रीत ज्या बाईने गर्भपिशवीच गमावली, तिच्या बहिणीला किंवा भाचीला उलटता येण्याजोगं साधन, कुठल्याही जिल्ह्यात, कार्ड दाखवून मिळालं पाहिजे. मात्र कामात खंड पडू नये म्हणून दुसऱ्या कोणी तिची पाळी बंद पाडण्याचा विचार केला, तर त्याला आडवं जाणं हेही आपलंच काम आहे.

त्वचेखाली घ्यायचं १०४ मिलिग्रॅमचं नवं इंजेक्शन या अडचणीवर काही अंशी उत्तर ठरू शकतं. त्याची सुई लहान असते आणि शिकवलं तर बाई स्वतःच टोचून घेऊ शकते. मलावी देशात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वतः टोचून घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणी वर्षभर टिकल्या. दवाखान्यात जाणाऱ्यांपैकी ४५ टक्के. स्वतःच्या शरीराचा कारभार बाईच्या हातात दिला की ती तो नीट सांभाळते, असंच मी या आकड्यांतून वाचते.

आणि पुरुष? त्यांच्यासाठीही हॉर्मोनच्या इंजेक्शनाची मोठी चाचणी झाली. त्यात टेस्टोस्टेरॉनच्या जोडीला वापरलं होतं तेच नेट-एन, दर आठ आठवड्यांनी. ३२० पुरुष सामील झाले आणि परिणाम चांगला होता. वर्षाला शंभर जोडप्यांमागे दोनहून कमी गर्भधारणा. पण काहींना उदासी, चिडचिड, सुईच्या जागी वेदना असे त्रास झाले, आणि बाहेरच्या सुरक्षा समितीच्या सल्ल्यावरून २०११ मध्ये चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. समितीने दाखवलेली सावधगिरी योग्यच होती. उदास झालेल्या माणसाचं म्हणणं ऐकलं गेलं, त्याची नोंद झाली, त्यावर निर्णय झाला. माझी मागणी एवढीच आहे, की ‘मला आजकाल रडूच येतं’ असं एखाद्या उपकेंद्रात सांगणाऱ्या बाईचं म्हणणंही त्याच गांभीर्याने ऐकलं जावं आणि लिहून घेतलं जावं.

या पुस्तिकेची मांडणी प्रश्नांच्या क्रमाने आहे. बाई दवाखान्यात येते तेव्हा तिच्या मनात जे प्रश्न ज्या क्रमाने येतात, तोच क्रम लेखिकांनी ठेवला आहे. भाषा बोलीतली आहे. चित्रं मोठी आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी इतर साधनांशी तुलना दिली आहे, जेणेकरून इंजेक्शनाची भलामण होऊ नये आणि विनाकारण भीतीही बसू नये. ती वाचणाऱ्या आशाताईंना माझी विनंती आहे: ज्या दिवशी किती सुया दिल्या याचा हिशोब वर पाठवाल, त्या दिवशी किती जणींशी बोललात आणि त्यातल्या किती जणींनी विचार करून दुसरं साधन घेतलं, याचीही नोंद स्वतःपुरती ठेवा. ते कामही तितकंच मोलाचं आहे.

लेखिकांनी हे लिखाण वाड्या-वस्त्यांवर वाचून दाखवून, बायकांच्या सूचनांनुसार पुन्हा पुन्हा बदललं आहे, त्याबद्दल त्यांचे आणि त्या बायकांचे मनापासून आभार. छापून झाल्यावर ही पुस्तिका उपकेंद्राच्या कपाटात बंद राहू नये. जिला इंजेक्शन घ्यायचं आहे तिच्या हातात ती आधी पडावी. वाचता येत नसेल तर कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावी, तिच्या शंका संपेपर्यंत थांबावं, हवं तर घरी जाऊन विचार करायला सांगावं. आणि मग तिने जे ठरवलं असेल, ते आपण करावं.